शेवटच्या घरातलं शून्य

उकाईंनी शेवटचं शून्य टाइप केलं, पुसलं, पुन्हा टाइप केलं आणि खुर्ची मागे सारून उठले. सकाळपासूनची ही चौथी खेप. स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका टोकाला त्यांचा संगणक होता, दुसऱ्या टोकाला त्यांची बायको नोबुए धुतलेल्या टॉवेलांच्या घड्या घालत बसली होती.

"अहो, एकतर बसा, नाहीतर बाहेर फिरून तरी या," ती म्हणाली. "तुमची ऊठबस बघून मलाच धाप लागायला लागली."

"एक आकडा अडलाय."

"एका आकड्यापायी काल जेवण टाकलंत?"

"भूक नव्हती."

"विशीतले असतात तर म्हटलं असतं, प्रेमात पडलाय."

उकाई हसले नाहीत. खिडकीपर्यंत गेले, परत आले, वर्तमानपत्राखाली दडवलेली जाड वही जागेवर आहे ना हे बोटांनी चाचपून बघितलं आणि पुन्हा खुर्चीत बसले.

प्रकरण तसं कुणाला सांगायला जावं तर हसूच यावं असं होतं. नेटवर सगळ्यांनी मिळून लिहायचा जो ज्ञानकोश आहे, त्यात नाणं टाकून खेळायच्या जुन्या खेळांची पानं म्हणजे नुसता सावळागोंधळ होता. एका पानावर खेळाडू 'दोन', दुसऱ्यावर 'एक किंवा दोन', तिसऱ्यावर 'आळीपाळीने'. कुठे खेळ बाजारात आल्याचं नुसतं साल, कुठे थेट तारीख, आणि तीही चाचणीसाठी एखाद्या दुकानात आठवडाभर मांडला होता त्या दिवसाची. वसंतात पंधराएक माणसांनी कंबर कसली आणि सगळ्या पानांवरच्या माहितीचौकटी एका साच्यात बसवायला घेतल्या. उकाईंच्या वाट्याला चौऱ्याण्णव खेळ आले. बहात्तर वर्षांचा हा माणूस जपानातल्या इमाबारीच्या बंदराजवळ अठरा वर्षं 'मिनातो' नावाचं गेम सेंटर चालवत होता, त्यामुळे यंत्रांची पोटंही त्यांना पाठ होती. स्वभाव मात्र भलता चिकट. पडदा उभा की आडवा हे चौकटीत नोंदवलंच पाहिजे, यासाठी ते चर्चापानावर नऊ दिवस भांडले. शेवटी समोरचा गृहस्थ "बरं बाबा, तुमचंच खरं" असं लिहून निघून गेला.

आणि आता ज्या नियमात त्यांची मान अडकली होती, तो नियमही त्यांचाच होता. 'सर्वोच्च गुणसंख्या शेवटच्या आकड्यापर्यंत पूर्ण लिहावी. काटछाट चालणार नाही.'

त्या काळी खेळाडूने स्वतः सांगितलेल्या गुणांना कुणी हिंग लावून विचारत नसे. दुकानाच्या मालकाने छापील अर्ज भरायचा, सही करायची, शिक्का मारायचा आणि मासिकाकडे टपालाने पाठवायचा. मासिक दर महिन्याला साऱ्या देशाचा तक्ता छापायचं. खेळ, गुण, खेळाडू, दुकान, गाव. 'पोलादी बगळा' या विमानांच्या लढाईच्या खेळापुढे १९८६ च्या ऑक्टोबरच्या अंकात छापलं होतं ते असं: ३८,४७,२६… हिनो केइगो, मिनातो, इमाबारी. देशात पहिला. जागा वाचवायला मासिक शेवटचा आकडा गाळायचं.

मिनातोच्या जागी आता नऊ गाड्यांचं पार्किंग आहे. अख्ख्या नेटवर त्या दुकानाचं नाव उरलं होतं ते फक्त या एका ओळीत. उकाईंना ते ठाऊक होतं, आणि अधूनमधून ते पान उगाचच उघडून बघायची त्यांना सवयही होती.

सेंदाईच्या कुवाबाता बाईंनी परवाच फोनवर सांगितलं होतं, "उकाई-सान, शून्य लिहा आणि पुढच्या खेळाकडे वळा. एका नाण्यात खेळलेलाच डाव धरत असत, म्हणजे शेवटी शून्यच असणार." बाई ग्रंथालयात नोकरीला होत्या आणि या सगळ्या कामाच्या प्रमुख. त्यांचं खरंच होतं. त्या खेळात सगळे गुण दहाच्या पटीत मिळायचे. शेवटचा आकडा गुणांचा नसायचाच. तो सांगायचा, मेल्यावर खेळाडूने पुन्हा किती वेळा नाणं टाकून खेळ पुढे रेटला ते. शून्य म्हणजे एकाच नाण्यात संपवलेला डाव. एक म्हणजे मध्येच दुसरं नाणं. दुसरं नाणं पडलं की तो डाव तक्त्यातून बाद.

शंका नव्हतीच. पण नुसत्या समाधानासाठी म्हणून उकाईंनी माळ्यावरून दुकानाची जुनी वही काढली. ९ ऑगस्ट १९८६, शनिवार. त्या दिवशी ते सुटे भाग आणायला मात्सुयामाला गेले होते, गल्ल्यावर नोबुए होती. पडद्यावर जे दिसलं ते तिने आपल्या गोलसर अक्षरात जसंच्या तसं उतरवून ठेवलं होतं.

३८,४७,२६१.

संध्याकाळी परत आल्यावर त्यांनी त्या वहीतूनच अर्ज भरला असणार. अर्जावर एकेका आकड्याला एकेक घर असायचं, आणि शेवटच्या घरात मासिकाने आधीच शून्य छापून ठेवलेलं असायचं. त्यांनी सहा घरं भरली, सही केली, शिक्का मारला. छापील शून्याकडे कोण बघतो! त्यांनीही नव्हतं बघितलं.

"जरा जाऊन येतो," ते म्हणाले, आणि वही वर्तमानपत्रात गुंडाळून निघाले.

हिनोचं दुकान बाजारपेठेच्या छप्परवाल्या गल्लीत होतं. दहा माणसं दाटीवाटीने बसतील एवढंच. लोखंडी तव्यावर कोंबडीची कातडी वजनाने दाबून कुरकुरीत करायची, वर सॉस, शेजारी कोबीची कच्ची पानं. पूल ओलांडून येणारे सायकलवाले तिथे हटकून थांबायचे, आणि नेहमीचं गिऱ्हाईक त्यांना कोपराने ढोसून सांगायचं, "हा माणूस एकेकाळी जपानात पहिला आलाय, माहीत आहे का?" हिनो तेव्हा टॉवेल कारखान्याच्या रंगखात्यात होता, एकोणीस वर्षांचा. आता अठ्ठावन्न.

दुपारचे तीन वाजले होते, दार अर्धं बंद होतं. उकाईंनी ते सरकवलं.

"मालक! या, या. उघडायला वेळ आहे, पण तुमच्यासाठी तवा कधीही तापवीन."

"खायला नाही आलो."

"मग नक्की कुणीतरी मेलंय."

उकाईंनी वही फळीवर ठेवली आणि खूण घातलेलं पान उघडलं. "वाच."

हिनोने हात पुसले. एक ओळ वाचायला लागतो त्याहून बराच जास्त वेळ तो त्या पानाकडे बघत राहिला.

"अक्षर ताईंचं," तो म्हणाला.

"अक्षर कुणाचं ते मला कळतं. शेवटचा आकडा वाच."

"एक."

"म्हणजे काय?"

"तुम्ही मला विचारता, मालक? एक म्हणजे दुसरं नाणं."

"एकोणचाळीस वर्षं!" उकाईंचा आवाज चढला, आणि चढला तसा फुटलाही. "माझ्या सहीखाली, माझ्या शिक्क्याखाली! टपाल मी घातलं, हिनो. तिकीट मी चिकटवलं. दुसरं नाणं टाकलंस, तर तोंडाने सांगता येत नव्हतं?"

हिनोने खरवडणी उचलली आणि स्वच्छ असलेला तवाच पुन्हा खरवडायला घेतला.

"टाकलंस की नाही?"

"पडलं, मालक."

"पडलं म्हणजे? आभाळातून?"

"पडलं एवढं खरं. नाव काढून टाका. मी काही म्हणणार नाही."

"तेव्हा का गप्प बसलास ते सांग."

"ते नका विचारू." त्याने खरवडणी खाली ठेवली. "नंतरचं विचारा हवं तर, सांगतो. नंतर ते छापून आलं आणि मला आवडायला लागलं. रंगखात्यात मुकादम मला 'ए निळ्या' म्हणून हाक मारायचा. नखांतला निळा रंग जायचाच नाही ना. त्या निळ्याचं नाव पार होक्काइडोपर्यंत छापलेलं. मग कसं बोलणार? माझी चूकच आहे. मी काही साधुसंत नाही."

"साधुसंत कोण म्हणतंय तुला! लबाड म्हणतोय मी."

"म्हणा की."

उकाई दारापाशी पोचले, तेव्हा मागून हिनो घाईने म्हणाला, "मालक, ताईंना यात ओढू नका. म्हणजे, अक्षर त्यांचं आहे, उगाच मनाला लावून घेतील."

उकाईंनी दार जोरात सरकवलं, ते आपटून पुन्हा अर्धं उघडलं. सायकल हाताने ढकलतच ते बंदरापर्यंत गेले. खाडीवर वारा सुटला होता. टोपी दोनदा उडाली आणि दोन्ही वेळा शिव्या घालत त्यांना ती आणावी लागली. ज्या पोराला आपण कधी कधी फुकट खेळू दिलं, त्याने आपल्याला शिक्का मारणारा गाढव समजावं, याचा त्यांना फार राग आला होता. आणि रागाच्या तळाशी दुःख होतं, ते वेगळंच.

घरी आले तेव्हा टॉवेलांचा ढीग तसाच अर्धवट होता. नोबुए हात मांडीवर ठेवून बसली होती.

"वही कुठे नेली होतीत?"

"कुठली वही?"

"वर्तमानपत्राखाली ठेवली होती ती. मी काय आंधळी आहे? माझ्याच हाताने लिहिलेली वही मला ओळखू येत नाही? हिनोकडे गेला होतात ना? काय बोललात त्याला?"

"त्याने दुसरं नाणं टाकलं होतं. लबाडाने कबूलही केलं."

नोबुएचा चेहरा असा पडला की उकाई हातातली टोपी ठेवायची विसरले.

"त्याने नाही टाकलं," ती म्हणाली. "मी टाकलं."

मग तिने सगळं सांगितलं, मधे कुठेही न थांबता. बरीच वर्षं मनात तयार करून ठेवल्यासारखं. साडेतीन तास हिनो त्या यंत्रावर होता. सगळी पोरं भोवती गोळा झालेली. तेवढ्यात दुकानाचा फोन वाजला, कारखान्याचा मुकादम. नोबुएने हाक मारली, "हिनो, फोन!" चार विमानं शिल्लक होती, एका मिनिटात आलो म्हणून तो उठला. मुकादम कसला सोडतोय. तो तिकडे "हो साहेब, हो साहेब" करत उभा, आणि इकडे विमानं एकामागून एक पडायला लागली.

"पडद्यावर उलटे आकडे सुरू झाले हो. नऊ, आठ, सात. पोरं नुसती ओरडत होती, हात कुणी लावेना. साडेतीन तासांची मेहनत त्याची! मी गल्ल्यातलं नाणं घेतलं आणि घातलं. तो आला, विमान उडतंय बघून बसला आणि पुढे खेळला. मला काय माहीत शेवटचा आकडा नि काय. त्या बारक्या पोरांनाही तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटलं, मी मदत केली."

"कळलं कधी?"

"दोन वर्षांनी. पोरं आपसात बोलत होती, ते कानावर आलं."

"तेव्हा मला सांगायचं."

"तुम्हाला? शिक्क्याचा ठसा नीट उमटला नाही तर दुसरा अर्ज भरणारे तुम्ही!" तिने डोळे पुसले. "आणि त्याला काय सांगू? फोन मी दिला. दोन मिनिटं थांबा, म्हणाले असते मुकादमाला, तर त्याने सरळ एका नाण्यात पहिला नंबर मारला असता. डाव मी मोडला, आणि वर नाणं घालून त्याला खोट्यात पाडलं. त्याला पत्तासुद्धा नाहीये. आनंदात शेवटचा आकडा कोण बघतो?"

सगळ्यात आधी तोच बघतात, असं उकाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. तो न बघणारा एकही खेळाडू नसतो. पण त्यांनी तोंड मिटलं. 'पडलं, मालक' म्हणून हिनो रिकामा तवा का खरवडत होता ते आत्ता त्यांच्या डोक्यात शिरलं होतं, आणि आपण त्याला लबाड म्हणून आलो हेही.

"नाव राहू द्या ना," नोबुए म्हणाली. "काढलंत तर तो कारण शोधत बसेल, आणि शोधत शोधत माझ्यापर्यंत येईल. कुणाचं काय जातंय, इतक्या वर्षांनी?"

"आकिताच्या कुदोचं जातंय."

"कोण कुदो?"

"दुसरा आलेला. अडतीस लाख एकतीस हजार नऊशे चाळीस. एका नाण्यात. त्याच्याही दुकानाच्या मालकाने माझ्यासारखंच तिकीट चिकटवलं असेल."

टॉवेलांच्या घड्या तशाच राहिल्या.

पुढचे दोन दिवस उकाईंना कुठेच चैन पडेना. केस कापायला गेले आणि पाळी येण्याआधीच उठून आले. मासळीबाजारात जाऊन काय घ्यायचं होतं तेच विसरले. संगणकापुढे बसले की तो आकडा, आणि उठले की ती दोघं. नाव तर काढायलाच हवं होतं, त्याबद्दल त्यांच्या मनात दुमत नव्हतं. पण खरं कारण लिहावं तर नोबुएला कळणार की हिनोला सगळं माहीत होतं, आणि गावाला कळणार की हिनो दुसऱ्या नाण्यावर एकोणचाळीस वर्षं मिरवला. वही छापील नाही म्हणून तिचा आधार घेता येत नाही, असा ज्ञानकोशाचा नियम होता. त्या नियमाच्या आड लपून शून्य ठेवून देता आलं असतं. ते त्यांना जमेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सेंदाईला फोन लावला.

"कुवाबाता-सान, 'पोलादी बगळ्या'ची इमाबारीची नोंद दुकान मागे घेतंय."

"मागे? म्हणजे?"

"तुमच्या त्या जुन्या नोंदी जमवणाऱ्या मंडळाला मी पत्र पाठवतो. त्यांच्या दुरुस्तीपत्रकात छापून येईल. मग तुम्हाला संदर्भ मिळेल."

"पण कारण काय द्यायचं?"

उकाईंनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. "यंत्राच्या आत कठीणपणा ठरवायचे छोटे खटके असतात. कारखान्यातून आले तसेच ठेवायचे असतात. मी ते 'सोपं' वर ठेवले होते. पोरं तक्रार करायची, धंदा बसत होता. खेळाडूला याची कल्पना नव्हती."



"तुम्ही?" कुवाबाता बाई म्हणाल्या. "उभ्या पडद्यासाठी नऊ दिवस भांडणारे तुम्ही?"

"तेव्हा तरुण होतो."

"उकाई-सान, मी एक विचारू? यंत्र उघडून हे खरंच कुणी केलं होतं का?"

"मी सांगतोय ना."

"बरं." त्यांचा स्वर मऊ झाला होता. "मग दुकानाची साक्षच रद्द होते. चौकटीत आकिताचा आकडा जाईल, आकिताचं दुकान जाईल. मिनातोचं नाव पानावर राहणार नाही. तळटीप ठेवली तरी त्यात फक्त 'दुकानाने नोंद मागे घेतली' एवढंच, नाव नाही. नियमच तसा आहे."

"माहीत आहे. तो नियम मीच लिहिलाय."

पत्र त्यांनी हाताने लिहिलं. शिक्का ड्रॉवरमध्ये होता, शाई वाळून गेली होती. नवी शाईची डबी आणायला ते चालत गेले. नोबुएला त्यांनी पत्र वाचायला दिलं तेव्हा ती दोनदा वाचून म्हणाली, "अहो, पण खटके कधी हलवले तुम्ही? मला तर झाकणालाही हात लावू द्यायचा नाहीत."

"आता हलवले."

"तुम्ही खोटं लिहिताय?"

"आकडा खरा लिहितोय," उकाई म्हणाले. "कारण माझ्या पदरचं घालतोय. हिनोला काही शोधत बसायला नको."

नोबुएने पत्र परत दिलं, आणि देताना त्यांचा हात क्षणभर धरून ठेवला. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली होती, असं काही ती सहसा करत नसे.

दुरुस्तीपत्रक महिनाभराने आलं. चौकट उकाईंनीच बदलली. कुदोचं नाव, आकिताचं दुकान, ३८,३१,९४०, शेवटचं शून्य पुराव्यासह. जतन केल्यावर त्यांनी शोधाच्या रकान्यात 'मिनातो इमाबारी गेम सेंटर' लिहिलं. काही सापडलं नाही. जुन्या दुकानाचं दार शेवटचं ओढलं होतं तेव्हाही एवढं वाईट वाटलं नव्हतं त्यांना. मग त्यांनी पासष्टावा खेळ उघडला.

इमाबारी काही मोठं गाव नाही. चार दिवसांत न्हाव्यापासून टपालवाल्यापर्यंत सगळ्यांना कळलं, आणि ज्याने कधी त्या यंत्राला हात लावला नव्हता तोही उकाईंना ऐकवू लागला. शनिवारी नोबुए म्हणाली, "चला हिनोकडे. तोंड चुकवून किती दिवस राहणार?"

"मी कुठे चुकवतोय?"

"मी चुकवतेय," ती म्हणाली.

दुकान भरलं होतं. टोकाला दोन माणसांची जागा हिनोने खुणेने करून दिली. कोबीची पानं पुढे आली, बिअर आली. टॅक्सीवाला कामादा मात्र दोन पेले रिचवून बसला होता.

"आले बघा खटकेवाले मालक!" तो ओरडला. "वा रे वा! आमच्या गावाचा एकुलता एक चँपियन, त्यालाही घालवलंत. सोपं करून ठेवलं होतं म्हणे. सांगायचं तरी, मीही आलो असतो पहिला!"

"तू नाण्याची फट शोधेपर्यंत दुकान बंद झालं असतं," दुसरं कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. उकाईंनी मान खाली घालून पेला उचलला.

"पण खरं सांगतो, मालक," कामादा सोडेना, "बिचाऱ्या हिनोला फसवलंत तुम्ही. एवढी वर्षं तो भोळेपणाने–"

"ए कामादा, पुरे," हिनो म्हणाला. कातडीवर दाबलेलं वजन त्याने उचललं नाही. "मला कुणी फसवलं नाही. तो आकडा खरा नाही हे मला त्याच दिवशी कळलं होतं. खेळ संपला, पडद्याकडे बघितलं, आणि कळलं."

दुकानात एकदम गलका झाला. "काय सांगतोस!" "खटक्यांचं तुला माहीत होतं?" "मग बोलला का नाहीस रे लेका?"

हिनो वजनावर भार देऊन उभा होता. तवा चरचरत होता.

"बोलणार होतो," तो म्हणाला. "वळून बघितलं तर ताई टाळ्या वाजवत होत्या. एकट्याच. डाव संपलाय हे पोरांना कळायच्या आधीपासून. घरी माझ्यासाठी तोवर कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. मग राहिलं बोलायचं."

कामादा मोठ्याने हसला, आणखी दोघंतिघं हसले, कुणीतरी बिअर मागवली. गलका पुन्हा पहिल्यासारखा झाला. नोबुए कोबीचं पान हातात धरून तशीच बसली होती. उकाईंनी तिच्याकडे बघितलं नाही, पेल्याकडे बघत राहिले. तिला कळलं होतं, हे त्यांना न बघताही कळलं.

हिनोने कातडीची ताटली तिच्यापुढे आणून ठेवली आणि तिथेच घुटमळला.

"हिनो," नोबुए म्हणाली. "तो फोन मी नंतर दिला असता तरी चाललं असतं रे."

"मुकादम होता, ताई. नसता ऐकला."

"खेळलास मात्र झकास."

"हो ना?" हिनो म्हणाला, आणि त्याचा अठ्ठावन्न वर्षांचा चेहरा लालबुंद झाला. "डावीकडून येणारी ती विमानांची शेवटची रांग बघितलीत ना तुम्ही?"

"बघितली की," ती म्हणाली. "सगळी बघितली."